वज्रकवचवाला योगराज

योगराजला ओळखायचं असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका. चेहरा फसवा आहे, मेला गोड हसतो. त्याच्या अंगावरचे व्रण बघा. डाव्या कानाची पाळी अर्धी आहे, उरलेली अर्धी रावेरला राहिली. वरच्या दातांत जी फट दिसते ती दोंडाईच्याची. आणि उजवा हात गावात, घरात, सख्ख्या भाऊबंदांनी फोडलेला. बाकीच्या गावांनी जे दिलं ते उधार होतं, गावाने मात्र रोख दिलं.

पारोळ्यापासून आत, डांबरी रस्ता संपतो तिथे आमचं गाव. वच्छलाबाईला दोन मुलगे. थोरल्याचं नाव ज्ञानेश्वर. आईबापांनी संताचं नाव ठेवलं आणि पोरगा असा निघाला की तो गोठ्यात शिरला की बैल आपणहून जुवाखाली मान घालतात. धाकटा योगराज. याला हाताने काही म्हणजे काही येत नव्हतं. औत धरलं की तास वाकडा, कपाशी वेचली की अर्धी बोंडं झाडावर. पण तोंड! एकदा बाजारात आटलेली म्हैस घेऊन उभा राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "दूध देत नाही वाटतं?" हा म्हणाला, "देते हो. सध्या विश्रांतीवर आहे." गिऱ्हाइकाने तिच्या डोळ्यापुढे हात हलवला, म्हशीची पापणी लवली नाही. "आंधळी शे का रे?" तर म्हणतो, "लाजाळू शे. परक्या माणसाकडे बघत नाही." म्हैस विकली गेली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचे तिघे भाऊ आले आणि योगराजच्या मारांची सुरुवात झाली. तो पहिला मार घरच्या उकिरड्यावर झाला, त्याचा व्रण नाही.

दगडांच्या नादाला तो लागला तो सुकदेवमुळे. सुकदेव त्याचा चुलतभाऊ, विहिरीचे सुरुंग लावणारा. आपल्याकडचा काळा दगड वरून कसा राक्षसासारखा दिसतो, पण विहीर खोल गेली आणि सुरुंग फुटला की त्याच्या पोटात कधीकधी कपाट उघडल्यासारखी पोकळी निघते. आत पांढऱ्या सुया, हिरवट खडे, पंख्यासारख्या गुलाबी चकत्या. आपण सगळ्याला गारगोटीच म्हणतो. बाया तुळशीपाशी ठेवतात, पोरं एकमेकांना मारायला वापरतात. अखंड, नितळ माल असेल तर जळगावचे व्यापारी येऊन कापसात गुंडाळून नेतात, तो परदेशात काचेच्या कपाटात जाऊन बसतो. उरतो तो फुटका, ढगाळ, तडकलेला चुरा. योगराजने तो चुरा पोत्यात भरायला सुरुवात केली.

पोतं गुजरातेत खंबायतला न्यायचं, तिथल्या कारागिरांकडून घासून, गोल करून आणायचं, आणि जळगावला सराफ बाजाराच्या मागच्या बोळात बसायचं. पुढच्या रस्त्यावर चोख सोनं विकलं जात होतं, म्हणून मागच्या बोळातल्या दगडावरही लोक विश्वास ठेवत होते. पण खरं कसब दगडात नव्हतं, नावात होतं. पाटी लावली होती, 'श्री खान्देश रत्नपीठ'. पीठ म्हणजे एक स्टूल आणि एक काचेची पेटी.

नाव कसं ठेवायचं, हे तो मला एकदा उसाचा रस पाजून शिकवत होता. म्हणे, पुढे नदी किंवा डोंगर लावायचा, मागे देव किंवा राजा. तापीलक्ष्मी, सातपुडाराज, अजिंठा पन्ना. दगड ढगाळ असेल तर त्याला ढगाळ म्हणायचं नाही, 'मेघगर्भ' म्हणायचं. आत तडा असेल तर ती 'वीजरेषा'. काळा डाग असेल तर 'शनिबिंदू', त्याचे जास्त. आणि काही म्हणजे काहीच नसेल, नुसती पांढरी गार असेल, तर 'मौनी स्फटिक'.

मी म्हटलं, "अरे, पण हा दगड पायाखाली पण सापडतो."

"नाना, पायाखालचा दगड पायाखालीच ऱ्हातो," तो म्हणाला. "माणूस बोटात घालतो ते नाव."

मग मोबाइल आला आणि त्याच्या तोंडाला कर्णा लागला. कपाळाला अष्टगंध लावून, मागे बायकोची पैठणी टांगून तो रोज मोबाइलसमोर बोलायचा. बोलताना डोळे अर्धे मिटायचा. मुंबई, नाशिक, सुरतपर्यंत माल जायला लागला. नाशिकचं गिऱ्हाईक फसलं तर फोनवर शिव्या घालतं. आपल्या खान्देशातलं गिऱ्हाईक फसलं तर स्वतः येतं.

दोंडाईच्याचा रुपचंद मिरचीचा व्यापारी. त्याला योगराजने 'मेघगर्भ पुष्कराज' दिला होता, बरकतीचा. ऐन मिरचीच्या हंगामात रुपचंदच्या घामाने आणि तिखटाने पुष्कराज आधी दुधासारखा झाला, मग त्याची भुकटी पडायला लागली. रुपचंदने शिवी दिली नाही. फोन करून साखरेच्या आवाजात म्हणाला, "महाराज, अजून एक मोठा पाहिजे. स्वतः घेऊन या." हा आनंदाने रेल्वेने गेला. स्टेशनबाहेर हमाल उभेच होते. त्यांनी याला खांद्यावर उचललं, वरातीसारखं बाजारात नेलं आणि मिरचीच्या ढिगात तोंड खुपसून धरलं. वर काढायचे, श्वास घेऊ द्यायचे, परत खुपसायचे. याने एकदा तोंड उघडून 'वीजरेषा' म्हणायचा प्रयत्न केला, तेव्हा रुपचंदने स्वतःच्या चपलेने दात पाडला. परतीच्या गाडीत एका भल्या माणसाने याच्या डोळ्यांवर पाणी ओतलं. जळगाव येईपर्यंत त्या भल्या माणसाच्या बोटात 'तापीलक्ष्मी' होती. हे मला त्या भल्या माणसानेच रडत सांगितलं.

रावेरचं प्रकरण याहून वाईट. तिथे याने केळीच्या बागेसाठी 'वायुस्तंभ' काढला. बागेच्या चार कोपऱ्यांत चार दगड पुरायचे, वादळ वळसा घालून जातं. वैशाखात वावधान सुटलं आणि कुंदाबाईची कापणीला आलेली सगळी बाग रात्रीतून आडवी झाली. शेजाऱ्याची बाग, जिथे वायुस्तंभ नव्हता, तिथे निम्मी तरी उभी होती. योगराज खरं तर शहाणा, पळायला हवं होतं. पण हा सांत्वनाला गेला! म्हणाला, "अक्का, दगड उलटे पुरले गेले असतील." कुंदाबाईच्या हातात घड कापायचा विळा होता. पंचांसमोर तिने कबूल केलं, "मी कानाले नही मारत व्हती, नरडीले मारत व्हती. हाऊच हालना." मान हलली म्हणून नरडीऐवजी कान गेला. लोकांनी तिला सोडवलं आणि याला केळीच्या दांड्यांनी हाणलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून गावाबाहेर ओतलं. पाळीचा तुकडा कोणी उचलला नाही.

तेव्हा वच्छलाबाईने त्याच्याकडून देवासमोर वचन घेतलं. "गाव फसाड, जग फसाड, मार खाय. पन भाऊबंदमा दगड आणू नको." योगराजने हात जोडून शपथ घेतली. शपथ घेताना डोळे अर्धे मिटले होते, तिथेच आम्हाला कळायला हवं होतं.

सुकदेव फार बोलणारा माणूस नाही. भोकात सुरुंगाचा तोटा बसवायचा, वात लावायची, शिडीवरून वर यायचं, बिडी पेटवायची, इतकंच त्याचं जगणं. एक नियम तो देवासारखा पाळायचा. एखादं भोक फुटलं नाही तर त्या दिवशी विहिरीत उतरायचं नाही. मालक कितीही ओरडो, कॉम्प्रेसरचं भाडं कितीही चढो, दुसऱ्या दिवसापर्यंत त्या भोकाला हात नाही. त्या साली शिंदखेड्याकडचा त्याचा एक जोडीदार मेला. न फुटलेला तोटा कुदळीखाली आला होता. त्याचं पोतं भरून आणलं, असं लोक म्हणाले, मी पोतं पाहिलं नाही. सुकदेवची बायको झुंबरबाई तेव्हापासून नवरा कामाला निघाला की उंबऱ्यावर आडवी पडायला लागली.

एका लग्नात योगराजने हे ऐकलं. मांडवात पंगत चालू होती, हा ताट सोडून उठला आणि झुंबरबाईच्या कानाशी जाऊन बसला.

"वहिनी, याच्यासाठी एकच आहे. वज्रकवच. इंद्राचं वज्र पृथ्वीवर पडलं ते या दगडात बंद आहे. आता सुरुंग म्हणजे काय? लहान वज्रच. वज्र वज्राला ओळखतं. अंगावर येत नाही, सलाम करून बाजूने जातं."

सुकदेव ऐकत होता. म्हणाला, "योग्या, मी दगड फोडीसन पोट भरस. दगड माले काय वाचाडी?"

"म्हणूनच तर," योगराज म्हणाला. "तू दगडाच्या जातीचा वैरी. तुला दगडाचाच जामीन पाहिजे."

झुंबरबाईने अंगठी घेतली. पंचधातूत बसवलेला हिरवट खडा होता, आत तडा. सुकदेवने बायकोच्या समाधानासाठी बोटात घातली. आधी तो हसायचा. मग कामावरची पोरं 'कवचवाले भाऊ' म्हणायला लागली. मग एकदा दगडाची कपची याच्या कानाजवळून गेली आणि मागच्या माणसाचं कपाळ फुटलं. त्या दिवसानंतर सुकदेव हसायचा बंद झाला. अंगठीला उदबत्ती ओवाळायला लागला. माणूस एकदम खुळा होत नाही हो, हळूहळू होतो, आणि त्याला वाटतं आपण शहाणे होतोय.

धुळ्याकडच्या एका विहिरीत एक भोक फुटलं नाही. मालक वर नाचत होता, पाणी हाताशी आलं होतं. सुकदेवने बिडी पेटवली. बोटाकडे बघितलं. बिडी विझवली आणि शिडी उतरला. इतक्या वर्षांचा नियम एका गारगोटीने मोडला. त्याने भोकातली माती उजव्या हाताने खरवडायला घेतली.

वर काढला तेव्हा चेहरा शाबूत होता. छातीत खडे रुतले होते. उजव्या हाताला अंगठा उरला होता, बाकी तळव्याच्या चिंध्या. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिंध्या कापून टाकल्या.

योगराज भेटायला गेला. संत्री घेऊन गेला, रडलाही. झुंबरबाईने विचारलं, "भाऊ, तुमनं कवच कोठे गयथं?" आणि या माणसाच्या तोंडाने, त्या दवाखान्यात, त्या खाटेपाशी काय उत्तर दिलं असेल?

"वहिनी, कवचानेच तर जीव वाचवला. संकट बोटांवर निभावलं."

झुंबरबाईने संत्र्यांची पिशवी त्याच्या तोंडावर हाणली. तेवढ्यावर भागलं असतं. पण चार दिवसांनी मोबाइलवर योगराज दिसला. अष्टगंध, पैठणी, अर्धे मिटलेले डोळे. मागे सुकदेवचा फोटो, पट्ट्या बांधलेला. 'सुरुंग तोंडाशी फुटला, माणूस जिवंत! वज्रकवचाचा साक्षात अनुभव!' अंगठ्या अशा खपल्या की खंबायतचे कारागीर पाळ्या लावून घासत होते.

सुकदेवने तो व्हिडिओ पारोळ्याच्या बस स्टँडवर बघितला. एका अनोळखी माणसाने दाखवला, फोटोतला माणूस शेजारीच बसलाय हे त्या माणसाला कळलं नाही. तो सुकदेवला म्हणाला, "घ्या तुम्ही पण, तुमच्या हाताला गुण येईल."

आता पुढचं कळायला आमची कानबाई देवी माहीत पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला नदीवर नेतात. तिचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, फक्त कुळातल्यांनी खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, टाकायचा नाही. त्याचे गहू आदल्या दिवशी मोजतात, दर पुरुषामागे सव्वा मूठ. आमच्या कुळात प्रत्येक पुरुष स्वतःच्या उजव्या हाताने आपली मूठ टोपलीत टाकतो आणि कुळातली सगळ्यांत म्हातारी बाई नाव घेते. ज्याची मूठ पडत नाही तो मेला. त्याच्या घरची सोयरीक थांबते, त्याच्या तिरडीला कुळातला खांदा मिळत नाही. पंचायत लागत नाही की नोटीस लागत नाही. मूठ नाही, माणूस नाही.

गेल्या साली ज्ञानेश्वरने टोपलीपाशी उभं राहून सांगितलं, योगराजची मूठ बंद. सुकदेवला नाव घेऊन बोलावलं, तो उठला नाही. मूठच नव्हती, टाकणार काय? "डावीने टाक," कोणीतरी म्हणालं. तर म्हाताऱ्या बाया ओरडल्या, कानबाईला डावा हात? इडापीडा! म्हणजे फसवणाऱ्याची मूठ बंद आणि फसलेल्याचीही. वच्छलाबाईने त्या साली रोटाला हात लावला नाही. "मना एक आंडोर मरना, सुतकमा रोट खाऊ का?" म्हणून बसून राहिली. आमच्याकडे मुलाला आंडोर म्हणतात.

या श्रावणात तिनेच योगराजला निरोप धाडला. हा मोटारसायकलवर आला. अष्टगंध नाही, मोबाइल खिशात बंद. वर्षभरात याचे गाल बसले होते. जळगावात धंदा जोरात होता, पण बायकोच्या माहेरच्यांनी येणं सोडलं होतं. पोरीच्या स्थळांनी 'तुमच्या कानबाईला मूठ आहे ना?' असं एकच विचारायचं, आणि चहा न पिता उठायचं.

अंगणात जातं मांडलं होतं, टोपली होती, पुरुष ओळीने उभे होते. नव्वदी गाठलेली धुरपदाबाई पाटावर बसून नावं घेत होती. योगराज ओळीच्या शेवटी उभा राहिला.

ज्ञानेश्वरने बघितलं. "याले कोनी बलावं?"

"मी बलावं," वच्छलाबाई म्हणाली. "मना आंडोर शे."

"तुना आंडोर गया साल मरी गया."

"मग हाऊ कोन उभा शे? भूत?"

"भूतच शे. भूत कसं उतारतस ते माले माहीत शे." ज्ञानेश्वरने भिंतीला टेकवलेली जुवाची लाकडी शिवळ उचलली.

धुरपदाबाईने हात वर केला. तिला सगळ्यांत आधी खरं ऐकायचं होतं. "थांब रे. योगराज, कानबाईनी टोपली समोर शे. सांग, तो काय दगड व्हता?"

सरळ सांगायचं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय जिभेला लागलेली. तोंडातून निघालं, "आजी, तसा तो हरित स्फटिकाच्या जातीचा..."

शिवळ खांद्यावर बसली. दुसरी बरगडीवर, तिचा आवाज सुकी काटकी मोडल्यासारखा आला. चुलते, पुतणे, सगळे धावले. कोणी लाथ, कोणी चप्पल. त्यात असेही होते ज्यांना काय झालंय हे नीट माहीत नव्हतं, पण कुळाचं काम म्हणून मारत होते. जबड्यावर कोणाचा तरी गुडघा बसला. योगराज जात्याला धरून पडला आणि रक्ताची गुळणी टाकून ओरडला, "गारगोटी व्हती! गारगोटी! बठ्ठ्या गारगोट्याच शेतस!"

हात थांबले. मार खाऊन का होईना, खरं बाहेर आलं म्हणून दोघंतिघं समाधानाने मागे सरकले. मग ओसरीवरून सुकदेव उतरला. डाव्या हातात त्याचा जुना घण होता.

"ते माले माहीत शे," तो शांतपणे म्हणाला. "फुटल्यावर वळखू उनी. मीच काढेल व्हती ती, आपलाच शिवारनी विहिरमातून."

त्याने घण ओट्याला टेकवला.

"योग्या, तुले मूठ टाकनी शे ना? टाक. तुनी मूठ तं टोपलीमा जाई. मनी मूठ कोठे शे?"

योगराजने घणाकडे बघितलं, मग सुकदेवच्या उजव्या बाहीकडे. बाहीच्या टोकाला अंगठा तेवढा लटकत होता.

"तुनी गाडी बाहेर उभी शे," सुकदेव म्हणाला. "जाय. कोनी हात लावाव नही. पन मूठ टाकनी व्हई तं आधी तो हात आठे ठेव."

बघा, दार उघडं होतं. गाडीला किल्ली होती. जळगावात दुकान, गिऱ्हाइकं, मोबाइलमध्ये हजारो माणसं 'महाराज' म्हणणारी. मला तर वाटलं हा उठतो आणि पळतो. पळण्याची त्याला लाज कधीच नव्हती. तो उठला, एक डोळा सुजून बंद झालेला, फाटकाकडे बघितलं. मग गुडघ्यावर बसला आणि उजवा हात जात्यावर ठेवला.

"जात्यावर नही!" धुरपदाबाई कडाडली. "त्यावर दळनं शे. ओट्यावर ठेव."

तो सरपटत ओट्यापाशी गेला आणि हात ओट्याच्या दगडावर पसरला. हात परत परत मागे ओढला जात होता, जाग्यावर राहीना. ज्ञानेश्वर पुढे झाला, भावाच्या पाठीशी बसला आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं. दात चावत म्हणाला, "हालू नको. सरकना तं मनगट जाई."

"एकच," वच्छलाबाई म्हणाली. डोळे कोरडे होते बाईचे. "सुकदेव, एकच. दुसरा मारशी तं खाले मनं डोकं राही."

सुकदेवने डाव्या हाताने घण उचलला. डाव्या हाताला सवय नव्हती, घण हवेत एकदा डगमगला. मग आला. चार बोटं एकदम गेली. आवाज हाडांचा कमी आणि दगडाचा जास्त झाला. योगराज ओरडला नाही, आधी नुसतं तोंड उघडलं. मग जो आवाज निघाला त्याने गोठ्यातले बैल दावी तोडायला लागले. दोघी सुना ओकल्या. ज्ञानेश्वरने मनगट सोडलं नाही, धरूनच बसला, आणि त्याच्याच डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तो राग आल्यासारखा शिव्या देत रडत होता.

सुकदेवने घण टाकला. त्याला धाप लागली होती. कोणीतरी धोतर फाडून योगराजचा हात बांधला, फडकं बघता बघता लाल झालं. गाडी काढा, धुळ्याला न्या, अशी पळापळ सुरू झाली, तर हा उठेना. डाव्या हाताने टोपलीकडे दाखवत होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता, लाळ आणि रक्त.

सगळे धुरपदाबाईकडे बघायला लागले. उजवा हात तर गेला. डाव्याची रीत नाही. गेल्या साली डाव्या हातावरून ओरडणाऱ्या बायांपैकी एकीचंही तोंड उघडलं नाही. एकट्याचा डावा हात म्हणजे इडापीडा. पण एकाच कुळातले दोन धडधाकट पुरुष डावरे झाले, आता कोणाला आणि कितींना मेलेलं म्हणायचं? म्हातारीने गव्हाच्या राशीकडे बघितलं, हनुवटी हलवली.

"डावी तं डावी. कानबाई दाणा लेस, हात लेत नही. सुकदेव, तू पहिले."

सुकदेवने डावी मूठ भरली आणि टोपलीत टाकली, वर पाव मूठ. धुरपदाबाईने नाव घेतलं. मग ज्ञानेश्वरने भावाला बगलेत धरून टोपलीपर्यंत नेलं. योगराजने डावा हात राशीत घातला. दाणे बोटांतून गळत होते, त्याने परत भरली. टाकली. "योगराज," धुरपदाबाई म्हणाली, नुसतं नाव, पुढे मागे काही नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात पोलीस आला. तिथे आमच्या कुळाने एका सुरात सांगितलं, जात्याचा वरचा दगड हातावर पडला. पोलिसाने योगराजचा जबडा, बरगडी, डोळा बघितला आणि विचारलं, "जातं काय नाचत होतं?" योगराजने मान हलवली. हो, नाचत होतं.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी नदीवर गेली. आणि मग अडचण उभी राहिली. योगराजच्या मुठीचा रोट होता. कुळाबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, ठेवायचा नाही. मूठ पडली म्हणजे रोट त्याच्याच पोटात गेला पाहिजे. ज्ञानेश्वर म्हणाला, मी भावासमोर जाऊ शकत नाही. बाकीच्यांना कामं निघाली. सुकदेवने रोट फडक्यात बांधला आणि धुळ्याची एसटी पकडली.

खाटेवर योगराज टेकून बसला होता. हात पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये, जबडा सुजून भोपळा. सुकदेव शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसला. हातापायांचं, दुखण्याखुपण्याचं काही विचारलं नाही. गुडघ्यावर फडकं उघडलं, रोटाचा तुकडा डाव्या हाताने मोडला.

"खाय."

योगराजने मान फिरवली. "जबडा..."

"खाय. तुना नावना शे."

"मोडेल शे रे, भाऊ. उघडत नही."

सुकदेवने वाट बघितली. मग उजव्या हाताचा उरलेला अंगठा त्याने प्लॅस्टरवर ठेवला आणि दाबला. योगराजचं तोंड उघडलं. आवाज बाहेर पडायच्या आत सुकदेवने तुकडा आत घातला.

"चाव."

तो चावला. डोळ्यांतून धारा, तोंडाच्या कडेने लाल लाळ. गिळेपर्यंत सुकदेव बघत राहिला, मग दुसरा तुकडा मोडला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नर्सला हाका मारायला लागला. नर्स आली तेव्हा रोट संपत आला होता. ती सुकदेववर ओरडत होती, पण तो चादरीवर पडलेले कण अंगठ्याने टिपत होता. एकेक टिपून त्याने स्वतःच्या तोंडात टाकला. फडकं झटकलं नाही, घडी करून खिशात ठेवलं, आणि नर्सला विचारलं, पारोळ्याची गाडी किती वाजता आहे.